'चक्कर' म्हणजे नेमकं काय? व्हॉल्व्ह बदलल्यानंतरची अंधारी, गरगर आणि तोल

हृदयाच्या व्हॉल्व्हचं (झडपेचं) ऑपरेशन होऊन घरी आलेला पेशंट पहिल्या महिना-दोन महिन्यांत केव्हातरी म्हणतोच, "चक्कर येतेय." घरातले घाबरतात, मेडिकलमधून चक्करेची गोळी आणली जाते, फॉलोअपच्या केस पेपरवर 'गिडीनेस' एवढा एकच शब्द लिहिला जातो आणि विषय पुढच्या तारखेवर जातो. घोटाळा इथेच होतो. चक्कर या शब्दाखाली किमान चार निरनिराळे त्रास येतात. त्यांची कारणं वेगळी, उपाय वेगळे. एकाला आठवडाभर थांबलं तरी चालतं, दुसऱ्याला अर्धा तासही थांबता येत नाही.

आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत, ते वापरावेत. पलंग, पंखा, भिंती आपल्याभोवती फिरतायत असं वाटतं ते गरगरणं. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे काळोख येतो ती अंधारी. शुद्ध हरपतेय असं वाटतं किंवा खरंच हरपते ती भोवळ. आणि डोकं स्वच्छ असतं, काहीच फिरत नाही, पण चालताना झोक जातो, भिंतीचा आधार घ्यावासा वाटतो, ते तोल जाणं. डॉक्टरांना यातला शब्द सांगा आणि जोडीला तीन गोष्टी सांगा: काय केल्यावर होतं, किती वेळ टिकतं (सेकंद, मिनिटं की तास), आणि त्या वेळी नाडी आणि बीपी किती होतं. एवढ्या माहितीवर निम्मं निदान होतं.

सगळ्यात जास्त दिसते ती अंधारी. माणूस उभा राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. एरवी पायांच्या शिरा लगेच आवळतात, नाडी थोडी वाढते आणि मेंदूला काही कळतही नाही. ऑपरेशननंतर ही सवय मोडलेली असते. आठ-दहा दिवस बिछान्यात गेलेले असतात, रक्त गेल्यामुळे हिमोग्लोबिन बऱ्याचदा नऊ-दहावर आलेलं असतं, जेवण कमी असतं. त्यात सकाळी नाश्त्यानंतर एकदम पोटात जाणाऱ्या गोळ्या: लघवी होण्याची फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, नाडी आवरणारी मेटोप्रोलॉल, बीपीची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन. सगळ्यांचा जोर साधारण एकाच वेळी येतो आणि अकराच्या सुमाराला बाथरूमकडे निघालेला माणूस दाराशीच खाली बसतो.

हे घरी तपासता येतं. पाच मिनिटं आडवं झोपून बीपी मोजा. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, शेजारी दुसरं माणूस हवंच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर अंधारीचं कारण सापडलं. ही मोजणी सकाळच्या गोळ्यांपूर्वी एकदा आणि गोळ्या घेतल्यावर दोन तासांनी एकदा करून वहीत लिहा. ते पान पाहून डॉक्टर गोळ्यांच्या वेळा विभागून देतात किंवा डोस कमी करतात. स्वतः मात्र काही बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक सोडली तर नाडी उसळते आणि ठोक्यांचा ताल बिघडू शकतो.

वजनाचा काटा यात बीपीच्या मशीनइतकाच कामाचा आहे. रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करा. डिस्चार्जच्या दिवशीच्या वजनापेक्षा दोन-तीन किलो उतरलंय, जीभ कोरडी आहे, लघवी गडद होतेय आणि अंधारी येतेय, तर लघवीच्या गोळीने शरीर जास्त सुकवलं असण्याची शक्यता मोठी. उलट दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, झोपल्यावर दम लागला, तर पाणी साठतंय. दोन्हीत माणूस "थकवा आणि चक्कर" असंच सांगतो, पण उपाय अगदी विरुद्ध. म्हणून वजन न सांगता फोनवर नुसतं "चक्कर येतेय, लघवीची गोळी बंद करू का?" असं विचारू नये. पाणी किती प्यायचं हेही डिस्चार्ज कार्डावर पाहा. कुणाला दिवसाला दीड लिटरची मर्यादा घातलेली असते, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात घाम एवढा जातो की ती मर्यादा डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी लागते. ज्यांचा महाधमनीचा (हृदयातून बाहेर पडणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) व्हॉल्व्ह आवळल्यामुळे बदललाय, त्यांच्या हृदयाचा डावा कप्पा वर्षानुवर्षं जोर लावून जाड झालेला असतो. असा जाड कप्पा नीट भरला तरच पुरेसं रक्त पुढे ढकलतो. शरीर थोडं जरी सुकलं तरी त्यांचं बीपी पटकन कोसळतं.

उठण्याची पद्धत शिकून घ्या, कारण छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं आणि हातांवर भार देऊन उठायचं नसतं. आधी गुडघे दुमडा, उशी छातीशी धरा, संपूर्ण अंग एकसंध ठेवून कुशीवर वळा. पाय पलंगावरून खाली सोडा आणि त्याच ओझ्याचा फायदा घेत बसते व्हा, पाठीला मागून कुणाचा तरी हात असू द्या. बसल्यावर दोन मिनिटं तशीच जाऊ द्या. त्या वेळात पावलं वीस-तीस वेळा वर-खाली करा, पोटऱ्या आवळल्या की खालचं रक्त वर येतं. मग उभं राहून एक मिनिट जागेवरच थांबा आणि मगच पाऊल टाका. अंधारी आली तर हट्टाने चालत राहू नका, तिथेच बसा किंवा जमिनीवर आडवे व्हा. त्यात काही कमीपणा नाही.

घरात माणूस पडतो तो बहुतेक बाथरूममध्येच. कढत पाण्याने शिरा सैल होतात, म्हणून पाणी कोमट घ्या, स्टुलावर बसून आंघोळ करा, आतून कडी लावू नका. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून एकदम उठलं की बीपी हमखास उतरतं, शिवाय उठताना हातांवर जोर येतो. दोन-तीन महिने कमोडची खुर्ची भाड्याने आणावी. पुरुषांनी रात्रीची लघवी बसून करावी. कुंथणं टाळावं, कारण कुंथण्याने मेंदूकडचा रक्तपुरवठा क्षणभर कमी होतो. बद्धकोष्ठ बऱ्याचदा दुखण्याच्या गोळीने झालेलं असतं. ती ट्रॅमॅडॉल असेल तर ती स्वतःच चक्कर आणते, मळमळ आणते आणि रक्त पातळ होण्याच्या गोळीचा परिणामही वाढवू शकते. दुखणं पॅरासिटामॉलवर भागतंय का ते डॉक्टरांना विचारा.

आता भोवळ. इथे मी जास्त कडक आहे, कारण "अशक्तपणा आहे, होईल बरा" हे वाक्य इथे महागात पडतं. बसल्या जागी किंवा झोपल्या झोपल्या, काही कारण नसताना शुद्ध हरपली, तर आधी हृदयाच्या ठोक्यांचा विचार करायचा. हृदयाला ठोक्याचा हुकूम देणारी जी विजेची वाट आहे, ती महाधमनीच्या व्हॉल्व्हच्या कडेला अगदी खेटून जाते. तिथे साठलेला चुना (कॅल्शियम) खरवडताना, टाके घालताना किंवा नंतरच्या सुजेने ती वाट अडते. त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. मांडीतून नळी घालून बसवलेल्या व्हॉल्व्हमध्येही हे होतं, आणि अशा पेशंटना दोन-तीन दिवसांतच घरी सोडत असल्यामुळे ते घरी आल्यावरही उघड होऊ शकतं. नाडी ४० च्या खाली आली किंवा अशी भोवळ एकदा जरी आली, तरी त्याच दिवशी ईसीजी हवा. काहींना पेसमेकर लागतो, आणि तो बसला की हा त्रास थांबतो.

दुसरा प्रकार ठोके बेताल होण्याचा, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर तीनात एकाला तरी तो होतो, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, हॉस्पिटलमध्येच. पण घरी गेल्यावर परतही येतो. ओळखायला अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बेताल नाडीत ते चुकतं. डिजिटल मशीनही अशा वेळी गडबडतं, म्हणून तीनदा बीपी घेऊन सरासरी लिहा. धातूचा व्हॉल्व्ह असेल तर आणखी एक सोय आहे. रात्री खोलीत शांतता झाली की त्याची टिकटिक शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. काही दिवसांत घरच्यांना तिचा ताल पाठ होतो. टिकटिक अडखळत, मध्येच धावत, मध्येच थांबत यायला लागली तर ईसीजी काढा. ती दबकी झाली किंवा ऐकूच येईना आणि सोबत दम लागतोय, तर व्हॉल्व्हवर गुठळी बसून त्याचं पातं हलेनासं झालं असू शकतं. तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहायची नाही, सरळ १०८ ला फोन लावायचा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढत जाणारं एक कारण फार फसवं आहे: हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त किंवा पाणी साठणं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर याचा धोका वाढतो. दिवसेंदिवस थकवा वाढतो, उभं राहिलं की चक्कर येते, बीपी उतरतं, नाडी जलद होते, आडवं झोपवत नाही, मानेच्या शिरा फुगतात, लघवी कमी होते. बाहेरून हे हुबेहूब अशक्तपणासारखं दिसतं. त्याच दिवशी टूडी इको केला की पाच मिनिटांत कळतं. तसंच चक्करेबरोबर डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच झाली तर आतड्यात रक्तस्राव होतोय असं समजा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती हिरवट-काळी असते, डांबरासारखी चिकट नसते. आणि ताप १००.४ च्या वर असेल तर गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी रक्ताचे कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यावे लागतात. एकदा औषध पोटात गेलं की व्हॉल्व्हवरचा जंतू कल्चरमध्ये सापडेनासा होतो आणि उपचार अंदाजाने करावे लागतात.

गरगरण्याचं मूळ बहुधा हृदयात नसून कानात असतं, आणि हे ऐकून पेशंटच्या मनावरचं मोठं ओझं उतरतं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे एका गादीवर चिकटून बसलेले असतात. बरेच दिवस उताणं पडून राहिल्यावर त्यातले काही सुटतात आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळतात. मग कुस बदलली, उशीवर डोकं टेकलं किंवा वरच्या फळीवरचा डबा पाहायला मान वर केली, की दोन-चार सेकंदांनी सगळं गरागरा फिरतं, मळमळतं आणि एका मिनिटाच्या आत थांबतं. मधल्या वेळात माणूस जवळपास ठीक असतो. बीपी आणि नाडी नेहमीसारखीच राहते. ऐकू कमी येणं, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं यातलं काही नसतं.

यावर खरा उपाय गोळी नाही, खडे जागेवर परत नेणं हा आहे. त्या कृतीला एप्लीची पद्धत म्हणतात. उजव्या कानासाठी ती अशी: पलंगावर पाय लांब करून बसायचं, मान ४५ अंश उजवीकडे वळवायची. त्याच वळणात पाठीवर झोपायचं, खांद्यांखाली उशी, डोकं किंचित मागे लोंबतं. गरगर सुरू होईल, ती थांबल्यावर आणखी तीस सेकंद जाऊ द्यायचे. मग डोकं न उचलता मान ९० अंश डावीकडे फिरवायची, पुन्हा तीस ते साठ सेकंद. मग सगळं अंग डाव्या कुशीवर वळवायचं, नाक जमिनीकडे, पुन्हा तेवढाच वेळ. शेवटी डाव्या बाजूनेच उठून बसायचं आणि दहा-पंधरा मिनिटं बसून राहायचं. डाव्या कानासाठी सगळं उलट. बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो. त्या रात्री बसून झोपायची जुनी सूचना आता लागत नाही.

पण छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ ही गोष्ट सांगत नाहीत. झटक्यात मागे पडणं, हातांवर रेटा देऊन उठणं, खांद्यांखालची उशी, या तिन्ही गोष्टींचा ताण नेमका बांधलेल्या हाडावर येतो. म्हणून या काळात घरी एकट्याने हा प्रयोग नको. सर्जनला विचारून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि छातीचं ऑपरेशन कधी झालं ते दारातच सांगा. ते आधी डिक्स-हॉलपाइक तपासणी करून कोणता कान आणि कोणती नळी ते ठरवतात. पेशंटने हातांची घडी घालून छातीशी उशी धरायची, एकाने डोकं आणि दुसऱ्याने पाठ-खांदे धरून पूर्ण अंग एकत्र वळवायचं. वेग थोडा कमी ठेवला तरी काम होतं. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झोकून देण्याची जी दुसरी पद्धत आहे, ती या दिवसांत नकोच. कान चुकला तर खडे हलत नाहीत आणि पेशंटला उगाच ओकाऱ्या होतात. घाईने केलेल्या प्रयोगात बहुतेक वेळा हेच बिघडतं.

तोल जाण्याचं एक कारण लोकांना फारसं माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग झाला होता म्हणून ज्यांना जेंटामायसिनची इंजेक्शनं बरेच दिवस मिळाली, त्यांच्या दोन्ही कानांचा तोलाचा भाग दुखावलेला असू शकतो. लघवीचं इंजेक्शन सोबत चालू असेल तर धोका वाढतो. हे कोर्स संपल्यानंतरही जाणवायला लागू शकतं. दोन्ही कान सारखेच मंदावतात, त्यामुळे गरगरत नाही. पण अंधाऱ्या जिन्यात पाय डगमगतो आणि चालताना समोरच्या दुकानाची पाटी वर-खाली उडते, थांबल्याशिवाय वाचता येत नाही. ही पाटीची खूण डॉक्टरांना जरूर सांगा. तपासणीत पक्कं झालं तर व्यायामच कामाला येतो: भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक मोठं अक्षर चिकटवायचं, तीन-चार फुटांवर बसून नजर अक्षरावर खिळवायची आणि मान डावी-उजवी थोडी थोडी हलवत राहायची. एक मिनिट, दिवसातून चार-पाच वेळा. अक्षर पुसट होऊ लागलं की वेग कमी करायचा. काही आठवडे चिकाटी लागते. रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवायचा.

मात्र तोल अचानक गेला, म्हणजे दहा मिनिटांपूर्वी नीट चालणारा माणूस आता उभाच राहू शकत नाही, किंवा चक्करेबरोबर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं, गिळता येईना, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, डोकं कधी नव्हे असं ठणकलं, तर तो मेंदूचा झटका समजायचा. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) कमी पडला तर व्हॉल्व्हवरची गुठळी सुटून मेंदूत जाते, फार वाढला तर मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, सीटी स्कॅन केल्यावरच कळतात. म्हणून वाटेत ॲस्पिरिन देऊ नका. माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि आयएनआर १.७ च्या वर असेल तर देत नाहीत. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळीने काढता येते, पण ती सोय सगळीकडे नसते. त्यामुळे जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात चोवीस तास सीटी आणि न्यूरॉलॉजिस्ट आहे, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारून ठेवा.

मेडिकलवाल्याकडच्या गोळ्यांबद्दल. प्रोक्लोरपेराझिनने ओकाऱ्या आणि तीव्र गरगर दोन-तीन दिवस दबते, पण ती उभं राहिल्यावरचं बीपी आणखी पाडते. म्हणजे अंधारीवर ती दिली तर त्रास वाढतो. शिवाय आठवडेच्या आठवडे घेतली तर मेंदू नव्या तोलाशी जुळवून घेण्यात मागे पडतो. सिनारिझिनने झोप येते, आणि वयस्करांना हात थरथरणं, हालचाली मंदावणं असे त्रास होऊ शकतात. बीटाहिस्टीनने रक्त पातळ होत नाही हे खरं, पण तिने खडे हलत नाहीत आणि बीपीही सुधारत नाही. चक्कर आणि स्मरणशक्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये गिंको असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा.

ओकाऱ्यांमुळे दोन-तीन दिवस जेवण गेलं नसेल तर आयएनआर वर चढतो, रक्त पातळ करणारी गोळी ओकून पडली असेल तर खाली येतो. दोन्ही वेळा पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका, तपासून घ्या. पडलेल्या गोळीच्या जागी स्वतःहून दुप्पट घेऊ नका. मेडिकलमध्ये नेहमीची मिळाली नाही म्हणून रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या जागी त्याच कामाची असेनोकुमॅरॉल घेऊ नका, त्यांचे मिलिग्रॅम एकास एक जुळत नाहीत. धातूचा व्हॉल्व्ह महाधमनीच्या जागी असेल तर आयएनआर सहसा २ ते ३, मायट्रलच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या व्हॉल्व्हच्या) जागी असेल तर २.५ ते ३.५ ठेवतात. तुमचा आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

आणि चक्कर येऊन पडलात, डोकं आपटलं, तर टेंगूळ आलं नाही, रक्त आलं नाही, उठून चहाही प्यायलात, तरी त्याच दिवशी सीटी स्कॅन आणि आयएनआर करा. रक्त पातळ असताना कवटीच्या आत थेंब थेंब रक्त झिरपत राहतं आणि कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी डोकेदुखी, सुस्ती, बोलण्यात गोंधळ, पायात ओढ असं दिसू लागतं. पहिला सीटी नॉर्मल आला असेल तरी यातलं काही दिसलं की पुन्हा करावा लागतो, आणि तेव्हा पडल्याची तारीख सांगायला विसरू नका. जाताना व्हॉल्व्हचं कार्ड, शेवटचा आयएनआर रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घ्या. एमआरआयची वेळ आली तर व्हॉल्व्हचा प्रकार त्या कार्डावरूनच पाहतात. ही पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असू द्या, म्हणजे घाईत शेजाऱ्यालाही सापडेल.